फोटोंचीही खतावणी हवी

पेण-रोह्यातील फर्निचर, ग्रिल किंवा लग्नाच्या फोटोग्राफीचा व्यवसाय करणाऱ्या बांधवांकडे कामाचे हजारो फोटो साठतात. गिऱ्हाईक समोर बसलेले असताना हवा तो नमुना सापडला नाही, तर ऑर्डर दुसरीकडे जाते.

एक फोटो ५ एमबीचा धरला, तर २०,००० फोटोंचे १०० जीबी होतात. दर वेळी मूळ फोटो उघडत बसल्यास संगणक अडखळणारच. डिजीकॅम हे मोफत सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोची छोटी प्रतिमा एकदाच बनवून ठेवते आणि तारीख, टॅग यांची नोंद वेगळ्या डेटाबेसमध्ये करते. मूळ फोटो म्हणजे गोदामातला माल आणि डेटाबेस म्हणजे खतावणी. शोध खतावणीत होतो, म्हणून लवकर लागतो.

पद्धत अशी ठेवावी :

१) वर्ष-महिन्याप्रमाणे फोल्डर करावेत.
२) प्रत्येक फोटोला गाव, वस्तू व माप यांचे टॅग द्यावेत.
३) टॅग फोटोच्या फाइलमध्येही लिहिले जातील, अशी सेटिंग करावी.

तिसरा नियम विसरू नये. गूगलने २०१६ मध्ये पिकासा हे लोकप्रिय सॉफ्टवेअर बंद केले. नोंदी केवळ सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्ये असतील, तर सॉफ्टवेअर बदलताना मेहनत वाया जाऊ शकते. फाइलमध्ये असतील, तर दुसरे सॉफ्टवेअरही त्या वाचू शकते.

शेवटी, सर्व फोटोंची दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर काढून दुकानाबाहेर, उंचावरच्या जागी ठेवावी. कुंडलिकेकाठच्या व्यापाऱ्यांना पुराचे पाणी नवीन नाही. भिजलेला माल पुन्हा भरता येतो, गेलेले फोटो परत येत नाहीत.