खुराड्यात वाळू टाकायची तर

सातारा जिल्ह्यात घरामागे आमच्या गावरान कोंबड्या आहेत. त्यांच्या खुराड्यात खाली तूस नाही, वाळू आहे. बघायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "वाळू चालते का?" चालते, आणि चांगली चालते. पण तिचा स्वभाव कळायला हवा.

१. वाळू ओल धरून ठेवत नाही. तूस आणि लाकडाचा भुसा ओल पितात, मग कुजतात. वाळूतून पाणी खाली उतरतं आणि वरचा थर वाऱ्यावर सुकतो. रात्री कोंबड्या बसतात त्या दांडीखाली पडलेली विष्ठा सकाळी रव्यात घोळल्यासारखी दिसते, खडखडीत. अमोनियाचा डोळ्यांना झोंबणारा वास येत नाही तो त्यामुळेच. मात्र खाली मुरमाचा निचरा आणि वर खेळती हवा हवीच.

२. प्लास्टरची बारीक वाळू नको. ती ओली झाली की थापल्यासारखी बसते आणि कोरडी झाली की उडते. ती धूळ कोंबड्यांच्या छातीत जाते, आपल्याही. क्रशरची डस्टही नकोच. भरड, धुतलेली वाळू घ्या. मी धुतलेली क्रश सँड वापरते. नदीची घेणार असाल तर रॉयल्टीची पावती मागा; चोरून उपसा झाला की काठच्या विहिरींचं पाणी खाली जातं, आणि त्या विहिरी आपल्याच असतात.

३. वजनाचा हिशोब आधी करा. १० बाय १० फुटांच्या खुराड्यात ४ इंच थर म्हणजे साधारण ३३ घनफूट, ब्रासचा तिसरा हिस्सा. वजन दीड टनाच्या आसपास. फळ्यांच्या उंच खुराड्यात हे झेपणार नाही. जमिनीवरच्या खुराड्यालाच वाळू.

४. रोज चाळायची. हेच खरं काम, बाकी सगळं त्यानंतर. दाताळ्याने दांडीखालचा पट्टा ओढायचा, चाळणीवर घ्यायचा, वाळू खाली आणि विष्ठा खताच्या खड्ड्यात. ते खत कुजल्याशिवाय झाडांना घालू नका, मुळं जळतात. चाळण्यामागे फक्त स्वच्छता नाही. रक्ती हगवणीच्या जंतूंची अंडी विष्ठेतून पडतात आणि ओल, ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत लागण करण्याजोगी होतात. त्याआधी ती बाहेर गेली पाहिजेत. ज्यांच्या घरात सकाळी हे करायला माणूस नाही, त्यांनी तूसच टाकावा.

५. वाळूतली अंघोळ एकदा जवळ बसून बघा. दुपारी कोंबडी पायाने खळगा करते, एका कुशीवर कलते, पिसं फुलवते आणि पंखाने वाळू अंगावर घेते. डोळे अर्धवट मिटलेले. मग उठून जोरात अंग झाडते आणि उन्हात धूळ उडते. उवा आणि पिसांतला तेलकटपणा त्याने कमी होतो. आई खळग्यात चुलीची चाळलेली राख टाकायची, मीही टाकते. पिंजऱ्यात उभं आयुष्य काढणाऱ्या कोंबडीला हे सुख मिळत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

६. लहान पिल्लांना वाळू नको. पहिल्या दिवसांत त्यांना खाद्य आणि खडा यांतला फरक कळत नाही, वाळूनेच पोट भरतात. शिवाय पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते आणि गार वाळू ती अंगातून ओढून घेते. तूस टाका. नुसता वर्तमानपत्राचा कागद घालू नका, पाय घसरून फाकतात.

७. पावसाळ्यात सगळं छपरावर अवलंबून. जोतं फूटभर उंच हवं, पागोळ्या भिंतीपासून लांब पडायला हव्यात, पाण्याचं भांडं विटांवर ठेवायचं. वाळूचा ओला झालेला भाग दिसला की तेवढा काढून उन्हात पसरायचा, कोरडा थर वर घालायचा. कोकणात मात्र मी वाळूचा आग्रह धरणार नाही. तिथे हवाच दोन-तीन महिने ओली असते, वाळू सुकणार कशाने? आणि भाताच्या गिरणीवर तूस हाताशी असतो.