ओटीपीचे अंक आणि घरचा छोटा वाचक

पुष्कळ घरांत आईवडिलांच्या मोबाइलवर आलेला संदेश वाचून दाखविण्याचे काम चौथी-पाचवीतील मुलाकडे असते. 'बँकेतून बोलतो' असे सांगणाऱ्या ठकास तेच मूल ओटीपीचे अंक विश्वासाने वाचून दाखविते, आणि मजुरीची शिल्लक क्षणात जाते. म्हणून हा पाठ भाषेच्या तासासच घ्यावा. नमुन्याचा संदेश फळ्यावर लिहून तो अखेरपर्यंत वाचवून घ्यावा. 'हे अंक कोणासही सांगू नयेत' ही सूचना पुष्कळदा अंकांच्या नंतर येते, आणि मुले अंकांपाशीच थांबतात!

गणिताच्या तासास जमा आणि नावे यांतील भेद पक्का करावा. यूपीआयमध्ये पिन लागतो तो पैसे देताना किंवा शिल्लक पाहताना. पैसे येण्यास तो लागत नाही. 'बक्षीस जमा होईल, पिन टाका' हे बोलणे खोटे का, हे मुलांनीच सांगावे.

फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर व बँकेस तत्काळ कळवावे. विलंब झाल्यास रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरत जाते. मूल भीतीने गप्प बसते आणि तोच वेळ दवडला जातो. त्यास रागावू नये, असे पालकसभेत आवर्जून सांगावे.