अंगठा पुन्हा बोटांसमोर येईल का?

प्रश्न : माझ्या भावाचे (वय 34) कुष्ठरोगाचे औषधोपचार दोन वर्षांपूर्वी पूर्ण झाले. पण उजवा अंगठा बोटांसमोर येत नाही. शर्टाचं बटणही लावता येत नाही. शस्त्रक्रियेने फरक पडेल का?

उत्तर : बहुधा पडेल. कुष्ठरोगाने हाताची मीडियन नस निकामी झाली की अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा सपाट होतो. इतक्या जुन्या लकव्यात ते स्नायू सुकलेले असतात; नस मोकळी करून ते परत येत नाहीत. म्हणून दुसरा चालता स्नायू उसना घेतात. बोट वाकवायला दोन स्नायुरज्जू असतात. त्यांतला अनामिकेचा वरचा रज्जू सोडवून, मनगटाजवळून वळवून अंगठ्याला जोडतात. तो कमजोर असेल तर तर्जनी सरळ करणाऱ्या दोन रज्जूंपैकी एक घेतात. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी 1940 च्या दशकाअखेरीस कुष्ठरुग्णांच्या हातांवर अशा शस्त्रक्रिया सुरू केल्या.

घाई मात्र नको. अंगठा-तर्जनीमधली त्वचा आखडली असेल, सांधे ताठरले असतील, तर आधी तेल लावून व्यायाम आणि स्प्लिंट. ताठर सांध्यावर उत्तम रज्जूही वाया जातो. शस्त्रक्रियेनंतर तीन-चार आठवडे प्लास्टर, मग फिजिओथेरपी. तिथे भावाला अनामिका वाकवायला सांगतील आणि हलेल अंगठा! मेंदूला हा बदल सरावाने कळतो.

गेलेली संवेदना या शस्त्रक्रियेने परत येत नाही. गरम भांडं कापडानेच धरावं, हात रोज तपासावा.

कुष्ठरोग कार्यक्रमात ही शस्त्रक्रिया मोफत होते. जिल्ह्याच्या कुष्ठरोग कार्यालयात याच आठवड्यात नाव नोंदवा.