छागल, गोणपाट आणि ओसाड मुलखातील वाट

उन्हाळ्यात भल्या पहाटे पुण्याच्या गुलटेकडीवरील मार्केट यार्डात गेलात, तर पालेभाजीच्या ढिगांवर ओले गोणपाट टाकलेले दिसेल. रात्रभर ट्रकमधून आलेली मेथी-कोथिंबीर विकली जाईपर्यंत टवटवीत राहावी, म्हणून ही खटपट. गोणपाटाने भाजीला आडोसा मिळतो हे खरे. पण मग ते ओले कशासाठी?

पाण्याची वाफ होण्यास उष्णता लागते. ३० अंश से. तापमानाच्या आसपास १ ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्च होते. हीच बाष्पीभवनाची अप्रकट उष्णता. गोणपाटातील पाणी ती भोवतालची हवा आणि भाजी यांच्याकडून घेते, म्हणून भाजी थंड राहते. शिवाय पानांलगतची हवा दमट राहिल्याने पानांतील पाणीही कमी उडते.

प्लॅस्टिकच्या बाटल्यांचा सुळसुळाट होण्यापूर्वी लांबच्या प्रवासाला निघालेल्या मोटारींना आणि ट्रकांना बाहेरून जाड कापडाची छागल टांगलेली असे. तिच्या विणीतून पाणी किंचित झिरपे, वाऱ्याने उडून जाई आणि आतले पाणी गार होई. यासाठी किती पाणी खर्ची पडते? छागलीत ४० अंश तापमानाचे ५ लिटर पाणी आहे आणि ते २५ अंशांपर्यंत आणायचे आहे असे समजा. काढून टाकायची उष्णता ५००० × १५ = ७५,००० कॅलरी. तिला ५८० ने भागा. उत्तर येते सुमारे १३० ग्रॅम. बाहेरची उष्णता आत येतच असते, म्हणून प्रत्यक्षात थोडे अधिक पाणी जाईल. तरीही सौदा स्वस्तच!

अशाच कापडी पिशव्या हजारो मैल दूर ऑस्ट्रेलियातही मोटारींच्या पुढच्या बाजूला टांगलेल्या असत. त्या खंडाच्या अंतर्भागातील ओसाड, विरळ वस्तीच्या मुलखाला ‘आउटबॅक’ म्हणतात. दक्षिणेकडील पोर्ट ऑगस्टापासून उत्तरेच्या डार्विनपर्यंत सुमारे २,७०० कि.मी. लांबीचा स्टुअर्ट महामार्ग या मुलखातून जातो. त्यावर ग्लेनडॅम्बो आणि कूबर पेडी यांच्यामध्ये सुमारे २५० कि.मी. अंतरात एकही गाव नाही की पेट्रोल पंप नाही. पुण्याहून निघून थेट कोल्हापूर गाठावे आणि वाटेत एकही वस्ती लागू नये, अशी कल्पना करा! याच देशाच्या पश्चिम भागात कूलगार्डी येथील सोन्याच्या खाणींवर १८९० च्या दशकात अन्न टिकवण्यासाठी एक कपाट वापरात आले. त्याच्या बाजू गोणपाटाच्या, आणि माथ्यावरील ताटलीतून झिरपणाऱ्या पाण्याने त्या सतत ओल्या राहत. मार्केट यार्डातील युक्तीच ती!

परंतु अशा मुलखात मोटार बंद पडली, तर हेच बाष्पीभवन जिवावर बेतू शकते. आपले शरीरही एक छागलच आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरात ताशी सुमारे ९० किलोकॅलरी उष्णता निर्माण होते. चालताना ती सुमारे २५० पर्यंत जाते. हवा त्वचेपेक्षा तापलेली असली, की ही उष्णता बाहेर टाकण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घामाचे बाष्पीभवन. पुन्हा ५८० ने भागाकार करा. बसलेल्या माणसाला ताशी सुमारे १५५ ग्रॅम घाम लागतो, तर चालणाऱ्याला सुमारे ४३० ग्रॅम. आठ तासांत एकाचे सव्वा लिटर पाणी जाते, दुसऱ्याचे जवळजवळ साडेतीन लिटर! उन्हाची आणि तापलेल्या हवेची उष्णता यात धरलेलीच नाही. ती धरली तर दोन्ही आकडे वाढतील. त्यातून कोरड्या हवेत घाम क्षणात वाळतो, त्यामुळे पाणी कमी होत असल्याचे ध्यानातही येत नाही.

म्हणूनच तेथील प्रवाशांना बजावलेले असते, की भरपूर पाणी बरोबर घ्या आणि मोटार बंद पडली तर मदत शोधत चालत सुटू नका. तिच्या सावलीत थांबा. शोधासाठी आलेल्या विमानातून एकट्या माणसापेक्षा मोटार लवकर दिसते, हाही त्यात फायदा आहे.

आता एक प्रयोग करा. दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळा आणि दोन्ही सावलीत, वाऱ्यावर टांगा. हवा ३८ अंश आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर ओला तापमापक सुमारे २१ अंश दाखवील. हवा २८ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर तो सुमारे २५ अंशांवरच थांबेल. फरक अवघा तीन अंशांचा. एप्रिलमध्ये आणि जुलैमध्ये नोंदी घेऊन हे पडताळून पाहा.

मग या दोन प्रश्नांची उत्तरे शोधा. ओले गोणपाट भाजीला अधिक गारवा केव्हा देईल, वैशाखात की आषाढात? आणि छागल मोटारीच्या आत न ठेवता बाहेर, वाऱ्यावरच का टांगत असत?