केळीतील विकरांचे कार्य : बागेपासून पक्वनगृहापर्यंत

तापी खोऱ्यातील शाहपुर परिसरात केळी हा अनेक कुटुंबांच्या संसाराचा आधार आहे. घड कापून गाडीत भरला की त्याचे जीवन संपले, अशी समजूत आढळते. वस्तुतः कापलेला घडही श्वसन करीत असतो व त्यातील विकर, म्हणजेच एन्झाइम, या नावाची प्रथिने आपापली कामे करीतच असतात.

पानांत तयार झालेली साखर फळात पोहोचून तेथे तिचे पिष्ट बनते. हे घडविणाऱ्या एका प्रमुख विकराला पालाशाची जोड लागते. केळीला पालाश भरपूर द्यावा, या शिफारशीमागील हे एक कारण होय. उष्ण वाऱ्याने अथवा करप्याने पाने गेली, तर हा साठा अपुरा राहतो. मग पिकविण्याच्या कोणत्याही युक्तीने गोडी भरून येत नाही.

कच्च्या केळ्याच्या गरात सुमारे २० टक्के पिष्ट असते. पिकल्यावर ते १ ते २ टक्के उरते. अमायलेजसारखी विकरे पिष्टाची साखर करतात, तर इतर काही पेशींच्या भिंती सैल करून गर मऊ करतात. या साऱ्यांना जागे करतो तो इथिलीन वायू. फळ तो स्वतःच दोन विकरांच्या साहाय्याने निर्माण करते. त्यातील मधला दुवा कॅलिफोर्निया विद्यापीठातील ॲडम्स व यांग यांनी १९७९ मध्ये उलगडला. एका पिकल्या केळ्याने शेजारची फणी पिकते, हे आपल्या गृहिणींना अर्थातच त्यापूर्वीपासून ठाऊक होते!

कॅल्शियम कार्बाइडपासून निघणारा ॲसिटिलीन इथिलीनची नक्कल करतो. परंतु त्यासोबत अर्सेनिक व फॉस्फरसयुक्त विषारी अंशही येतात. म्हणून फळे पिकविण्यासाठी त्याच्या वापरास कायद्याने बंदी आहे. इथिलीन वायू मात्र दशलक्षात १०० भागांपर्यंत वापरण्यास २०१६ मध्ये अनुमती मिळाली.

विकरांचे काम तापमानावरही अवलंबून असते. पक्वनगृहात १६ ते १८ अंश सेल्सिअस योग्य ठरते. १३ अंशांखाली साल काळवंडते. २४ अंशांच्या वर गर मऊ होतो, पण सालीतील हरितद्रव्य पूर्णपणे नष्ट होत नाही. मे महिन्यात असा हिरवट माल कच्चा ठरवून भाव पाडला जात असेल, तर बागायतदारांनी व्यापाऱ्यास एक केळे सोलून गर दाबून पाहावयास सांगावे.