ऊन उंबऱ्याबाहेर

राजा, पुण्याहून नागपुरात बदली झाली, घरही ऐसपैस मिळालं, आणि पश्चिमेची गॅलरी पाहून सूनबाई हरखली म्हणे. हरखू दे. डिसेंबरात तिथून मावळती फार देखणी दिसते. पण मे महिना पुण्याचा वेगळा आणि आपला वेगळा. इथे २३ मे २०१३ ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि ४५ तर बहुतेक दरवर्षी होतात. कूलर सगळेच आणतात, खिडक्या-दारांकडे मात्र कुणी बघत नाही. स्लॅबखालोखाल घर तापतं ते तिथूनच. होळीच्या आधी एक रविवार काढा, दोघं मिळून करा, आणि आत्या सांगते तेवढं ऐका.

१. आधी कागदावर खिडक्यांचा नकाशा काढ आणि कुठली उगवतीला, कुठली मावळतीला ते लिही — सगळ्या खिडक्यांवर सारखा खर्च करायचा नसतो.

२. पहिला पैसा पश्चिमेच्या खिडकीला, उरला तर पूर्वेच्या, दक्षिणेची सगळ्यात शेवटी — २६ मेच्या सुमारास नागपुरात भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि आपली सावली पायाखाली जाते, तेव्हा दक्षिणेच्या खिडकीला छज्जा पुरतो. मावळतीचं ऊन मात्र तिरपं शिरतं, छज्ज्याखालून थेट तुमच्या पलंगापर्यंत. नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, तोही याच सुमारास लागतो.

३. पडद्याआधी बांबूची चिक घे आणि ती काचेच्या बाहेरून लाव — काचेतून ऊन आत आलं की पडदा तापतो, आणि त्याची धग खोलीतच राहते. माझं एक वाक्य पाठ कर: बाहेरची एक चिक, आतले चार पडदे. सूनबाईला हवे तसे सुंदर पडदे घ्या, त्यांना माझी ना नाही, पण चिकेनंतर.

४. चिक काचेला टेकवू नकोस, चार बोटं अंतर ठेव — मधली तापलेली हवा वरून निघून गेली पाहिजे.

५. चिकेची खालची दोन्ही टोकं दोरीनं गजाला बांध — एप्रिल-मेमध्ये दुपार कलली की अचानक वावधान सुटतं, आणि मोकळी चिक आपटून काच फोडते.

६. गॅलरीला हिरवी नेट लावायची तर बाहेरच्या कठड्यावरून वर छतापर्यंत ताण, दाराला लटकवू नकोस — फरशीवर दिवसभर ऊन पडलं तर ती रात्री दहापर्यंत दारातून आत धग टाकत राहते.

७. काचेला रद्दी पेपर चिकटवू नका — पावसाळाभर खळ खरवडत बसाल.

आता वेळेचं. याला फारसा पैसा लागत नाही, शिस्त लागते, म्हणून हेच सगळ्यात जास्त चुकतं.

८. सकाळी आठ-साडेआठला सगळ्या खिडक्या बंद, चिका खाली. "अजून गार वाटतंय, राहू दे थोडा वेळ" असं तू म्हणशीलच, मला माहीत आहे — पण भिंतींनी रात्रभर साठवलेला गारवा त्याच तासाभरात निघून जातो आणि मग दिवसभर परत येत नाही.

९. दोन स्वस्त तापमापकं आण, एक आत टांग आणि एक बाहेर कायम सावलीत — बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा खाली आला की उघडायचं, वर गेला की मिटायचं. मग खिडकीवरून तुम्हा दोघांची वादावादी होणार नाही.

१०. रात्री समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड, एकीनं भागत नाही — जायला वाट नाही, तो वारा येत नाही.

वेळेचं झालं, आता झाडलोट आणि डागडुजी.

११. वरचे झरोके रंगाच्या पोपड्यांनी चिकटून बसले असतील, ते आधी मोकळे कर आणि जाळी ठोकून घे — तापलेली हवा वर चढते, तिला बाहेर पडायला तेवढीच जागा असते. जुन्या बांधकामांत झरोके उगाच ठेवलेले नाहीत, आणि आता लोक तेच थर्माकोलनं बंद करतात याचं मला फार वाईट वाटतं.

१२. डासांची जाळी आधी कोरड्या ब्रशनं झाड, मग पाण्यानं धू — हिवाळ्याच्या धुळीनं तिची भोकं बुजलेली असतात, आणि मग डासांबरोबर वाराही अडतो.

१३. सरकत्या खिडकीची खाच जुन्या टूथब्रशनं साफ कर आणि मेणबत्ती फिरव. तेल घालू नकोस — तेलाला धूळ चिकटते आणि खिडकी महिन्याभरात पुन्हा अडते. माघात पुसली खाच, वैशाखात नाही जाच.

१४. त्याच खाचेत बाहेरच्या बाजूला बारीक भोकं असतात, ती काडीनं मोकळी कर आणि पेलाभर पाणी ओतून बघ — वळवाचा पाऊस आडवा झोडपतो, भोकं बुजलेली असली की पाणी खाचेत साचून गादीवर उतरतं.

१५. लाकडी दाराला मे महिन्यात फट दिसली तर लांबी भरू नकोस, काढता येईल अशी रबरी पट्टी लाव — कोरड्या हवेनं लाकूड आकसतं आणि श्रावणात फुगतं. भरलेली फट तेव्हा दार अडवेल. पावसात दार अडलं म्हणून लगेच सुताराला रंधा मारायला सांगतात, तेही नको. दिवाळीपर्यंत थांब, लाकूड पुरतं वाळलं की खरं माप कळतं. बल्लारशाचा सागवान असला तरी त्याला हवामान लागतंच.

१६. दाराखालच्या फटीला जाड कापडाची गुंडाळी पुरते — दुपारची झळ आणि धूळ दोन्ही तिथूनच शिरतात.

१७. गच्चीचं किंवा गॅलरीचं लोखंडी दार असेल तर कडी आणि कोयंड्यात थोडी ढिलाई ठेव — दोन मीटरचं लोखंड उन्हात चाळीस अंशांनी तापलं की जवळपास एक मिलिमीटर वाढतं, आणि सकाळी सहज लागणारी कडी दुपारी अडते. मुठीला जुनी सुती चिंधी गुंडाळ, पोरं खेळायला आली की तिथेच हात लावतात.

आता कूलर. तो खिडकीतच बसतो, म्हणून तोही याच कामात धरायचा.

१८. सुरू करण्याआधी आत डोकावून बघ — बंद कूलरात चिमण्या किंवा साळुंक्या घरटं करतात. अंडी असली तर पिल्लं उडेपर्यंत दुसऱ्या खिडकीवर भागव.

१९. कूलर खिडकीबाहेर बसव आणि भोवतालची मोकळी जागा प्लायवूडनं मिट — त्यानं बाहेरची कोरडी हवा ओढली पाहिजे. खोलीच्या आत ठेवलास तर तीच ओली हवा फिरत राहते आणि अंग चिकट होतं.

२०. कूलर चालू असताना समोरची खिडकी वीतभर उघडी ठेव. सगळं गच्च बंद करून वर "कूलर गार करत नाही" म्हणणारी माणसं इथेही आहेत — आतली दमट हवा बाहेर गेली नाही तर पाणी उडायचं थांबतं, आणि पाणी उडण्यातच तर सगळा गारवा आहे.

२१. त्याच्यावर सावली कर, पण ताट्यांना चिकटवून काही बांधू नकोस — ताट्यांतून वारा खेळला पाहिजे. वाळ्याच्या ताट्या मिळाल्या तर त्याच घे. थोड्या महाग पडतात, पण त्या वासानं दुपारची झोप वेगळीच लागते.

२२. हे मात्र नीट ऐक, यात मी मस्करी करत नाही. पाणी भरण्याआधी बटण बंद करायचं आणि प्लगही उपसायचा, दर वेळी, हात कोरडे करून, पायात चप्पल घालून — विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकनं घरची माणसं जातात, त्यात लेकरंही असतात. कूलर काढण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घे, आणि घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचं गळती-संरक्षण नसेल तर ते बसवून घे. घरमालक नाही म्हणाला तर खर्च तू कर.

२३. आठवड्यातून एक दिवस टाकी रिकामी करून घासून कोरडी कर — डेंग्यूचा डास अंड्यातून निघून उडायला साधारण आठ-दहा दिवस घेतो, तेवढी सवड त्याला द्यायची नाही. आरोग्य खातं कोरडा दिवस पाळा म्हणतं ते याचसाठी.

कूलरचं झालं, आता शेवटचं पुन्हा खिडक्या-दारांचं.

२४. प्रत्येक झडपेला आकडा आणि दाराला गुटका असू दे, आणि दोघंही बाहेर जाताना खिडक्या मिटूनच निघा — सकाळी आभाळ निरभ्र असलं म्हणून संध्याकाळी वावधान येणार नाही असं नाही.

२५. उन्हासाठी एकही खिडकी खिळे मारून किंवा चिकटपट्टीनं कायमची बंद करू नका — मे महिन्यात भर दुपारी वीज गेली की कूलर थांबतो, आणि तेव्हा हवा खेळायला खिडकी एका हातानं उघडली पाहिजे. ग्रिलला कुलूप असलं तर त्याची किल्ली तिथेच, हाताला येईल अशा खिळ्यावर ठेवा, कपाटात नको.

२६. जूनमध्ये पाऊस लागला की कूलरचा हट्ट सोडा आणि खिडक्या उघडा — हवाच ओली झाल्यावर तो नुसता घाम वाढवतो. चिका उतरवून दोन दिवस कडक उन्हात वाळवा आणि मगच गुंडाळून माळ्यावर टाका, नाहीतर बुरशी धरून पुढच्या होळीला नव्या घ्याव्या लागतील. पावसाची उघडीप मिळाली नाही तर माझ्याकडे आणून टाक, आमच्या पडवीत जागा आहे.