तट्टूवरून घोड्यावर

समजा, तुम्ही खडकीला राहता आणि गेली दोन-तीन वर्षे एका तट्टूवर बसायला शिकत आहात. आता तुमची उंची वाढली आहे. रिकिबीत पाय आखडतात. पूर्वी तुम्हांला सहज पाठीवर घेणारे तट्टू आता चढावर धापा टाकते. म्हणजे मोठा घोडा पाहण्याची वेळ आली. पण कोणत्या जातीचा? कोणी म्हणते मारवाडी घ्या, कोणी म्हणते शर्यतीतून निघालेला घोडा स्वस्तात मिळेल. निवड चुकली तर पडून हाड मोडायचे ते तुमचे आणि पाठ दुखायची ती मुक्या जनावराची. म्हणून हा प्रश्न आपण मोजमाप करून सोडवू या.

तट्टू कोणते, घोडा कोणता?

तट्टू म्हणजे घोड्याचे पिल्लू, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. घोड्याच्या पिल्लाला शिंगरू म्हणतात. तट्टू हे पूर्ण वाढलेले, पण ठेंगणे जनावर होय. उंची मोजायची ती डोक्यापर्यंत नव्हे, तर मान जेथे पाठीला मिळते तेथील, दोन्ही खांद्यांमधल्या उंचवट्यापर्यंत. कारण डोके वरखाली होते, हा उंचवटा होत नाही.

हे माप ‘हॅण्ड’मध्ये सांगतात. आपला हात म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंतची लांबी. हा हॅण्ड म्हणजे केवळ तळहाताची रुंदी, म्हणजे ४ इंच. १४.२ हॅण्ड म्हणजे १४ हॅण्ड आणि २ इंच. तो दशांश अपूर्णांक नाही. याचे होतात ५८ इंच, म्हणजे सुमारे १४७ सेंटिमीटर. याहून ठेंगणे ते तट्टू आणि उंच तो घोडा, असा सर्वसाधारण संकेत आहे.

आता एक गंमत पाहा. खडकीजवळून वाहणारी मुळा पुढे मुठेला मिळते आणि दोघींचे पाणी भीमेत जाते. थडी म्हणजे नदीचा काठ. भीमेच्या काठची घोड्याची जात ती भीमथडी. देशी जनावरांचा अरबी व तुर्की घोड्यांशी संकर होऊन ती घडली असे मानतात. मराठ्यांच्या घोडदळाने मोठमोठ्या दौडी मारल्या त्या बहुतांशी अशा देशी जनावरांवर. २०२४ च्या सुरुवातीस भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून अधिकृत मान्यता मिळाल्याचे जाहीर झाले. आजही भटके धनगर आपले बिऱ्हाड याच जनावरांच्या पाठीवर लादून फिरतात. पण मापाची पट्टी लावली, तर बहुतेक भीमथडी तट्टूंतच मोडतील! एवढेसे जनावर हत्यारबंद स्वाराला कसे नेत असेल?

उंची वाढली, तर ताकदही तेवढीच वाढते का?

एक तट्टू १२५ सेंटिमीटर उंच आणि २५० किलोग्रॅम वजनाचे आहे असे माना. अगदी त्याच आकाराचा, पण १५० सेंटिमीटर उंचीचा घोडा घ्या. उंची १.२ पट झाली. वजन लांबी, रुंदी आणि उंची या तिन्हींवर अवलंबून असल्यामुळे ते १.२ × १.२ × १.२, म्हणजे सुमारे १.७३ पट होईल, ४३२ किलोग्रॅम. पण पायाच्या हाडाची ताकद त्याच्या काटछेदावर अवलंबून असते आणि काटछेद वाढतो १.२ × १.२, म्हणजे १.४४ पटच. याचा अर्थ, मोठ्या घोड्याच्या हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर त्याच्या स्वतःच्या शरीराचाच भार जास्त पडतो. शरीराच्या मानाने लहान जनावर अधिक कणखर असते ते यामुळेच.

उष्णतेचेही तसेच. घाम त्वचेतून सुटतो आणि त्वचेचे क्षेत्रफळही १.४४ पटच वाढते. चैत्र-वैशाखाच्या उन्हात भारी अंगाच्या घोड्याला शरीर थंड ठेवणे अधिक कठीण जाते.

तेव्हा ‘जितका उंच तितका चांगला’ हा नियम खोटा ठरतो. योग्य घोडा म्हणजे तुमचे ओझे पेलेल एवढाच मोठा घोडा. ते कसे ठरवायचे?

काट्याशिवाय वजन

अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या १५, २०, २५ आणि ३० टक्के ओझे ठेवून त्यांना पळवले. २० टक्क्यांपर्यंत फारसा फरक पडला नाही. २५ व ३० टक्क्यांना हृदयाचे ठोके वाढले आणि नंतर स्नायू दुखू लागले. रुंद कंबरेच्या व जाड नळीच्या घोड्यांना हा त्रास कमी झाला. म्हणून स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक नसावे.

पण घोड्याचे वजन करायला काटा कोठून आणायचा? त्यासाठी शिंप्याची टेप पुरते. तंग जेथे आवळतात तेथे छातीचा घेर मोजा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजा. दोन्ही मापे सेंटिमीटरमध्ये घ्या.

वजन (किलोग्रॅम) = घेर × घेर × लांबी ÷ ११,८८०

हे सूत्र आले कोठून? घोड्याचे धड म्हणजे एक आडवे पिंप समजा. पिंपाचे घनफळ घेराच्या वर्गाला लांबीने गुणून ४π ने, म्हणजे १२.५७ ने भागले की मिळते. शरीराची घनता जवळजवळ पाण्याइतकी असल्याने १,००० घनसेंटिमीटरचे १ किलोग्रॅम धरले, तर भाजक येतो १२,५६६. प्रत्यक्षात डोके, मान व पाय पिंपाबाहेर राहतात. म्हणून अनुभवाने भाजक थोडा कमी केलेला आहे. भूमितीच्या तासाला शिकलेला दंडगोल तबेल्यात असा उपयोगी पडतो!

तुमच्या तट्टूचा घेर १५० आणि लांबी १३० सेंटिमीटर असेल, तर वजन येते सुमारे २४६ किलोग्रॅम. पाचवा हिस्सा ४९. तुमचे वजन ४५ आणि खोगिराचे ८, एकूण ५३. म्हणजे तट्टू धापा टाकत होते ते आळसाने नव्हे. आता घेर १७० आणि लांबी १५० असलेला घोडा पाहा. वजन ३६५ किलोग्रॅम, पाचवा हिस्सा ७३. तुम्ही अजून वाढणार आहात हे लक्षात घेता हा घोडा पुढची काही वर्षे पुरेल.

जातींची ओळख

काठियावाडी : हा सौराष्ट्रातला. उंची साधारण तट्टू व घोडा यांच्या सीमेवर. कानांची टोके आत वळून एकमेकांना टेकतात. उन्हाला आणि रुक्ष चाऱ्याला सरावलेला. तट्टूवरून येणाऱ्याला झेप फार मोठी वाटत नाही.

मारवाडी : हा राजस्थानातला. कान तसेच वळलेले, उंची सुमारे १५० सेंटिमीटर किंवा थोडी अधिक. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा येथे दत्तजयंतीला भरणाऱ्या यात्रेत या दोन्ही जातींचे घोडे येतात. काहींची ‘रवाल’ चाल फार सुखाची असते. स्वार खोगिरावर उसळत नाही.

थरोब्रेड : हा शर्यतीचा घोडा. या जातीच्या नरांची वंशावळ १७व्या-१८व्या शतकांत इंग्लंडमध्ये आणलेल्या तीन घोड्यांपर्यंत पोचते. पुण्यात पावसाळ्यात शर्यती होतात, त्यामुळे येथे असे निवृत्त घोडे विकायला निघतात. वजनाचे गणित ते सहज सोडवतील, उंचीही भरपूर असते. पण या घोड्याची पिढ्यान् पिढ्या निवड झाली ती वेगासाठी, आणि शिक्षणही मिळाले ते भरधाव सुटण्याचे. त्याला नव्याने शिकवणारा जाणता माणूस नसेल, तर नवख्या स्वाराने त्याच्या वाटेला जाऊ नये.

जात पाहिली, आता जनावर पाहा

जातीवरून केवळ अंदाज बांधता येतो. एकाच जातीत शांत घोडा असतो तसा भडक माथ्याचाही असतो. यात्रेत काही गिऱ्हाइके अंगावरचे भोवरे पाहून घोडा शुभ की अशुभ ते ठरवतात. भोवरा म्हणजे केस उगवण्याची दिशा. मालकाच्या नशिबाशी त्याचा संबंध नाही. त्यापेक्षा पुढील गोष्टी पाहा.

खोगीर चढवताना घोडा स्थिर उभा राहतो का? आधी त्याच्या मोतद्दाराला बसू द्या. मग चाल व दुडकी पाहा. एखाद्या पावलाला डोके वर उडत असेल, तर पायात काही दुखते आहे असे समजा. जबड्याखाली बोटे ठेवून नाडी मोजा. विश्रांतीत ती मिनिटाला २८ ते ४४ असते. खडकीत रेल्वे आहे, मुंबई-पुणे रस्त्याची वर्दळ आहे. तेव्हा ट्रकच्या भोंग्याला तो बुजतो का हे रस्त्याच्या कडेला उभे करून पाहायलाच हवे. आठ ते बारा वर्षांचा, अनुभवी आणि खच्ची केलेला घोडा नवख्याला बहुधा सांभाळून घेतो. तुम्ही नवखे आणि घोडाही नवखा, अशी जोडी नको. सौदा करण्यापूर्वी पशुवैद्याला दाखवा. आणि डोक्यावर शिरस्त्राण असल्याखेरीज कोणत्याही घोड्यावर बसू नका, मग तो कितीही गरीब असो.

राहिले तुमचे जुने तट्टू. त्याच्या पाठीवर बसणारे धाकटे भावंड मिळाले, तर त्याचे ओझे किती टक्के भरेल?

करून पाहा

१. शिक्षकांसह जवळच्या तबेल्यात जा. मोतद्दाराच्या मदतीने तीन जनावरांचे घेर व लांबी मोजून वजने काढा.

२. प्रत्येकावर जास्तीत जास्त किती वजनाच्या स्वाराने बसावे, याचा तक्ता तयार करा. खोगिराचे वजन वजा करायला विसरू नका.

३. घोडा रोज आपल्या वजनाच्या सुमारे २ टक्के कोरडा चारा खातो. ३६५ किलोग्रॅमच्या घोड्याला महिन्याला किती चारा लागेल? तो विकत घेणे घराला परवडेल का, हे घोडा घेण्यापूर्वीच वडीलधाऱ्यांबरोबर बसून ठरवा.